उडी कोणी मारली

आमच्या सिनेमाचा दुसरा भाग निघतोय आणि त्यात जुनेच कलाकार असणार आहेत, हे मला शाळेच्या ऑफिसात फोनवर कळलं. फोन निर्मात्याच्या मुलाचा होता. बाप वारला होता, आता सगळं हाच पाहत होता. "मॅडम, तुमच्याशिवाय हा सिनेमा होऊच शकत नाही," तो म्हणाला. मी कोरपन्याजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पन्नाशी उलटली आहे, सिमेंट कारखान्याची धूळ रोज बाकांवरून पुसते. पंचवीस वर्षांत मला कोणी असं काही म्हणालं नव्हतं. मी लगेच हो म्हणाले. काम काय आहे, हेसुद्धा विचारलं नाही.

पहिला चित्रपट केला तेव्हा मी माजरीला राहत होते. वडील कोळशाच्या खाणीत होते. वसाहतीत भीमजयंतीला नाटक व्हायचं आणि त्यात मी दरवर्षी असायचे. त्यातूनच माझं नाव निर्मात्याच्या कानावर गेलं. त्याला तलवारबाजीचा चित्रपट काढायचा होता. जुलमी राजा, जंगलात लपलेले बंडखोर, त्यांचा नायक, आणि नायकाची बहीण, जी स्वतः तलवार चालवते. ती बहीण मी झाले. नायक नागपूरचा होता. उंच, देखणा, आवाज खणखणीत. पण तलवार कशी धरतात ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

ते शिकवायला भाऊ आले. मोहर्लीच्या अलीकडच्या एका जंगलगावातला गोंड माणूस, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. त्यांच्या गावात दंडारीचं नाटक व्हायचं, त्यातल्या लढाया हेच बसवायचे. लाकडी तलवार त्यांच्या हातात आली की तिचा आवाज बदलायचा. महिनाभर त्यांनी आमच्याकडून एका पडक्या गढीच्या अंगणात हात करून घेतले. मी चुकले की म्हणायचे, "बाई, तू तलवारीकडं काऊन पाहून राह्यली? माह्या खांद्याकडं पाह्य. हात मागून येते, खांदा आधी सांगते." नायक चुकला की काहीच म्हणायचे नाहीत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

त्यांना राजाच्या सरदाराचं काम मिळालं. शेवटी तो सरदार तलवार टाकून बंडखोरांना येऊन मिळतो. शिवाय नायकाला जे जमत नव्हतं, ते सगळं त्यांनीच केलं. नायकाचा लाल अंगरखा घालून, पाठमोरे.

गढीच्या बुरुजावरून मारलेली उडीही त्यांचीच. खाली भाताच्या तणसाचा ढीग रचला होता. त्या दिवशी मी कॅमेऱ्याच्या मागेच उभी होते. भाऊ वर चढले, एकदा खाली पाहिलं आणि उडी घेतली. ढीग एका बाजूला सरकला, उजवा पाय दगडावर आला. तरी ते उठले आणि ठरल्याप्रमाणे पंधरा-वीस पावलं पळत कॅमेऱ्यातून बाहेर गेले. झाडामागे जाऊन बसले, तेव्हा तोंड पांढरं पडलं होतं. निर्माता धावत आला. म्हणाला, "भाऊ, पुढच्या भागात तुलेच मोठा रोल. माहा शब्द हाय." मग गाडीत घालून त्यांना घरी सोडलं. गावातल्याच एकानं हाड बसवलं. ते वाकडं बसलं.

चित्रपट चालला. चंद्रपूरच्या थिएटरात चालला, जत्रांमधल्या तंबूंमध्ये चालला, नंतर लग्नघरी सीडीवर चालला. नायक मुंबईला गेला, मालिकांमधून दिसू लागला. मी डी.एड. केलं, नोकरीला लागले, लग्न झालं. भाऊ लंगडत राहिले. मोहर्लीला वाघ पाहायची सफारी वाढली तेव्हा त्यांच्या गावची माणसं गाईड झाली, पण लंगड्या माणसाला कोण गाईड करणार? ते एका रिसॉर्टच्या फाटकावर बसू लागले. पर्यटकांची गाडी आली की उठायचे, फाटक उघडायचे, सलाम करायचे. मी वर्षातून एकदा जायचे. दर वेळी त्यांचा एकच प्रश्न असायचा. "दुसरा भाग निघते का, बाई? काई आयकलं?"

त्या उडीचा तुकडा दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर फिरू लागला. खाली लोक नायकाला सलाम ठोकत होते. अशी माणसं आता राहिली नाहीत, असं लिहीत होते. दुसरा भाग निघाला तो त्याच जोरावर.

भाऊंना सांगायला मीच गेले. ते फाटकावरच होते. ऐकलं, आणि खुर्चीच्या पाठीला हात धरून उभे राहिले. "मले बलावलं?" त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, "हाव, जुने सगळेच." पुढचे दोन महिने ते रोज सकाळी घरामागे बांबूची काठी घेऊन हात करत होते, हे मला त्यांच्या बायकोनं नंतर सांगितलं.

संहिता माझ्या हातात आधी आली. तिच्यात नायकाची बहीण आता राणी झाली होती, मला पाच प्रसंग होते. भाऊंना एकच होता. म्हातारा सरदार बंडखोरांच्या छावणीत बसला आहे, पाठीमागून बाण येतो, तो पडतो. बोलणं नाही, तलवार नाही. मी ते वाचलं आणि भाऊंना सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, सेटवर गेल्यावर बदलेल. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. भाऊ रागावून आले नाहीत तर जुने सगळे कलाकार जमणार नाहीत, आणि माझे पाच प्रसंगही जातील, अशी.

सेटवर त्यांना कळलं, तेव्हा ते निर्मात्याच्या मुलासमोर जाऊन उभे राहिले.

"मालक, एक हात तरी होऊ द्या. तुमच्या बाबाईनं शब्द देला होता."

"भाऊ, तुमचा पाय..."

"पाय हाय तसा हाय. हात तर चांगला हाय ना?"

नायक बाजूलाच खुर्चीत बसला होता. केस काळे केलेले, पोटावर पट्टा. युनिटसमोर त्याला मोठेपणा दाखवायचा असावा. "होऊन जाऊ दे गुरुजी, जुनी आठवण," म्हणाला आणि उठला. दोघांच्या हातात तलवारी दिल्या. हलक्या होत्या, रबराच्या. पोरापोरींनी मोबाइल काढले.

नायकानं दोन-तीन वार जोरात घातले. भाऊंनी ते जागचे न हलता अडवले. मग डाव्या पायावर भार देऊन त्यांनी मनगट फिरवलं, आणि नायकाची तलवार दूर जाऊन पडली. एवढ्यावर मिटलं असतं. पण सगळ्या युनिटनं टाळ्या वाजवल्या आणि कोणीतरी शिट्टी मारली. नायक हसला, भाऊंच्या पाठीवर थाप मारली आणि आपल्या गाडीत जाऊन बसला. तासाभरानं सहायक दिग्दर्शक निरोप घेऊन आला. मोबाइलवर काढलेलं सगळं पुसून टाकायचं, आणि सरदाराचा प्रसंग लगेच उरकायचा.

भाऊंनी तो बाण तीन वेळा खाल्ला. दर वेळी वाकडा पाय अंगाखाली दुमडत जमिनीवर पडले, आणि दर वेळी दिग्दर्शक म्हणाला, आणखी एक. मी दहा हातांवर राणीच्या वेशात बसले होते. एका मुलीच्या हातात माझ्यासाठी छत्री होती. मी उठले नाही.

चित्रपट लागायच्या आधी चंद्रपुरात कार्यक्रम झाला. दुपारची वेळ, मंचावर 'मूळ कलाकार' अशी पाटी आणि खुर्च्या. नायक मध्ये, त्याच्या शेजारी मी, अगदी टोकाला भाऊ. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. त्यांना मीच गाडीत बसवून आणलं होतं. निवेदिका माइक घेऊन फिरत होती, तो भाऊंपर्यंत पोचलाच नाही.

तिनं नायकाला विचारलं, "सर, सगळ्या महाराष्ट्राला एकच प्रश्न पडलाय. ती उडी तुम्ही खरंच स्वतः मारली होती?"

नायकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी काय सांगू? माझी बहीण होती तिथे. तिलाच विचारा."

माइक माझ्या तोंडासमोर आला. समोर माणसं होती, कॅमेरे होते. मी नायकाकडे पाहिलं. तो हसत होता.

"हो," मी म्हणाले. "माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. स्वतः मारली त्यांनी."

टाळ्या झाल्या. टोकाच्या खुर्चीवर भाऊही टाळ्या वाजवत होते.

परत जाताना गाडीत आम्ही दोघं मागे बसलो होतो.  चंद्रपूर मागे पडल्यावर ते खिडकीबाहेर पाहतच म्हणाले, "काऊन बोलली तू तसं?"

"तोंडातून निघून गेलं, भाऊ."

"नाई. निघून नाई गेलं. तू पयले त्याच्याकडं पाह्यलं. मंग बोलली."

मी म्हटलं, मी लोकांना खरं सांगेन, पुढच्या मुलाखतीत सांगेन. ते म्हणाले, "राहू दे." मोहर्लीच्या रस्त्यावर, त्यांच्या गावाच्या फाट्याशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. गाव तिथून दीड-दोन किलोमीटर आत आहे. मी म्हटलं, दारापर्यंत सोडते. "चालते," एवढंच म्हणून ते उतरले आणि लंगडत निघाले. ड्रायव्हरनं विचारलं, "थांबू का मॅडम?" मी म्हटलं, चल.

चित्रपट लागला. फार चालला नाही. थिएटरात बाण लागायच्या प्रसंगाला मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. माझ्या पाच प्रसंगांतले दोन कापले होते. तेव्हाही मला आधी माझ्या दोन प्रसंगांचंच वाईट वाटलं, हे इथे लिहून ठेवते.

मोहाच्या दिवसांत, शाळा सकाळची झाली तेव्हा मी त्यांच्या गावी गेले. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. त्यांची बायको घरी होती, मोठा मुलगा होता. मुलगा सफारीची जिप्सी चालवतो. भाऊ जंगलात गेल्याचं सांगितलं. मी दोन तास बसले. ते आले नाहीत. मी आल्याचं त्यांना कोणीतरी कळवलं असावं.

बायकोनं बिनदुधाचा चहा दिला. बाजूला बसली आणि फुलं निवडत म्हणाली, "बाई, त्याईले काई पडद्यावर मोठं नोयतं व्हायचं. फाटकावर बसला माणूस, त्याले कायचं पडदा न् कायचं काय? पण पोराईले लहानपणापासून सांगत आले, हा पाय उडी मारताना गेला म्हून. गावालेबी तेच मालूम होतं. आता गावात मोबाइलवर तुमचं बोलणं पाह्यलं लोकाईनं. म्हणतात, म्हातारा इतके दिवस थापा मारत होता."

 मुलगा दारात उभा होता. मी त्याच्याकडे वळून म्हटलं, "उडी तुझ्या बाबांनीच मारली. मी तिथे होते. तो पाय त्याच उडीत गेला."

तो चिडलेला नव्हता.

"मॅडम, माह्या घरात येऊन मले सांगून काय फायदा? तिथी सांगाले पाह्यजे होतं."

"मला माहीत आहे."

"मी तर बाबाले विचारलं होतं, हे काय बोलून राह्यली बाई म्हून. ते म्हणाले, ते बाई मास्तरीन हाय, शिकलेली हाय, ते खोटं काऊन बोलन? माह्याच ध्यानात चुकलं असन." मग म्हणाला, "स्वतःचा पाय पाहून म्हणत होते."

त्या दिवशी घरी आल्यावर मी फोनचा कॅमेरा सुरू करून समोर ठेवला आणि सगळं सांगितलं. बुरूज, तणीस, दगड, लाल अंगरखा, आणि मंचावर मी काय बोलले ते. तीनदा अडले, चौथ्यांदा नीट झालं. ते मोबाइलवर टाकलं. निर्मात्याच्या मुलानं फोन करून काढून टाकायला सांगितलं, मी काढलं नाही. पण त्यानं काही घडलंही नाही. फारसं कोणी पाहिलं नाही. पाहिलं त्यांतल्या एकानं खाली लिहिलं की बाईचे प्रसंग कापले म्हणून बाई जळते. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. प्रसंग कापले नसते तर मी हे टाकलं असतं का, याचं उत्तर मला छातीठोक देता येत नाही.

भाऊंनी ते पाहिलं की नाही, मला कळलेलं नाही. त्यांच्या मुलाकडे मी पाठवलं होतं. आठवडाभरानं त्याचं उत्तर आलं. बाबांनी रिसॉर्टची नोकरी सोडली, घरीच असतात, असं त्यानं लिहिलं होतं, आणि खाली एक ओळ: तुम्ही आता येऊ नका.