नागसेन हनवतेंचा उजवा कान

नागसेन हनवते विजेच्या खात्यात नोकरीला होते, पण ते राहत त्या नल्लकुंट्यात त्यांना त्या नोकरीवरून कोणी ओळखत नसे. 'ते नाटकवाले हनवते' एवढीच त्यांची ओळख. खरं तर जन्मात ते कधी रंगमंचावर चढले नव्हते. ते नाटक बघत. आणि गाण्याचं नाटक असलं की भाषा कुठली, याला त्यांच्या लेखी महत्त्व नसे. तेलुगू पौराणिक नाटकात पद्याच्या शेवटी नट आलाप लांबवत नेतो, तेव्हा नागसेनराव तिथल्या म्हाताऱ्यांच्या बरोबरीने दाद देत. मुंबईहून झगमगीत हिंदी नाटक आलं तरी तिकीट काढून जात, आणि बाहेर पडताना म्हणत, "नाचले झकास. गायलं कोण? पेनड्राइव्ह."

नुसते ओठ हलवणाऱ्या नटाला त्यांच्याकडे माफी नव्हती. "गळा चुकला तर चुकू दे," ते बायकोला, निशिगंधाला सांगत. "चुकेल की काय म्हणून जीव टांगणीला लागतो, त्यासाठीच तर आपण तिथे जाऊन बसतो. नाहीतर घरी टीव्ही आहे की." त्यांचे वडील देगलूरकडून तेलुगू मुलखातल्या या शहरात आले, गिरणीत लागले आणि भीमजयंतीच्या जलशांत माईकशिवाय गायले. मागच्या माणसापर्यंत शब्द पोचला पाहिजे, सूर हलता कामा नये, हे नागसेनरावांच्या कानात लहानपणीच बसलं होतं. त्या कानाला मान होता. शहरातल्या हौशी मराठी मंडळींचा प्रयोग संपला की म्हातारे पेटीवाले भगवंतराव पहिल्यांदा त्यांनाच विचारत, "काय नागसेन, कसं झालं?"

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांचा उजवा कान गच्च झाला. आत पाणी गेल्यासारखा. बारीक शिटी वाजायला लागली ती थांबेना.

"अहो, दवाखान्यात जाऊन या," निशिगंधा म्हणाली.

"सर्दी आहे. परेशान नको होऊस."

लसूण घालून कोमट केलेलं तेल त्यांनी कानात सोडलं आणि आठवडा काढला. रविवारी नाटक होतं, त्यात त्यांचं सगळं लक्ष. नाटक नवं होतं, गोदावरीकाठच्या एका नावाड्याच्या मुलीचं. मुलीचं काम रसिका करत होती. ही पुण्याची पोरगी इथे आयटी कंपनीत नोकरीला आलेली, कुकटपल्लीत राहायची. महिन्यापूर्वी नागसेनरावांनी तिला तालमीत ऐकलं होतं. इतका मोकळा गळा बऱ्याच वर्षांत कानावर पडला नव्हता. घरी येऊन त्यांनी तिचं पद निशिगंधाला अर्धंमुर्धं म्हणूनही दाखवलं होतं.

पडदा वर गेला. रसिकाने पहिला सूर लावला आणि नागसेनराव खुर्चीत ताठ झाले. सूर फाटका होता. पेटी एकीकडे, ही दुसरीकडे. त्यांना वाटलं, घाबरली असेल, पुढे सावरेल. पण दुसरं पद तसंच, तिसरं त्याहून वाईट. आणि सभागृह टाळ्या वाजवत होतं. भगवंतरावांची पेटी चुकणं शक्य नव्हतं, म्हणजे चुकत होती ती पोरगीच.

प्रयोगानंतर सगळे रंगमंचामागे जमले. रसिका अजून नावाड्याच्या मुलीच्या लुगड्यात होती. "काका, कसं वाटलं?" तिने हसून विचारलं.

"पहिल्यापासून शेवटपर्यंत बेसूर होतीस," नागसेनराव म्हणाले. "टाळ्यांवर जाऊ नकोस. लोकांना हल्ली कळत नाही."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, डोळे मात्र भरले. रिक्षात निशिगंधा म्हणाली, "मला तर गोड वाटलं." "तुला काय कळतं," असं ते बोलून गेले.

चार दिवसांनी ते गौलीगुड्यात भगवंतरावांकडे गेले. पोरीला रोज तंबोऱ्यावर बसवा, असं सांगायचं होतं. भगवंतरावांनी त्यांना बसाही म्हटलं नाही.

"त्या लेकराला असं कैकू बोललास तू? ती माझ्या पेटीला धरून होती. केसभर हलली नाही."

"मग तुमची पेटी उतरली असेल."

म्हाताऱ्याने पेटी पुढे ओढली, भाता हलवला आणि एक पट्टी दाबून धरली. "काय ऐकू येतं?"

"दोन सूर. एकमेकांना घासतायत. शेजारची पट्टी दबतेय तुमची."

"बोट बघ माझं. एकच आहे."

नागसेनरावांनी वाकून बघितलं. मग उजव्या कानात बोट घातलं. एक सूर राहिला. ते काढून डाव्या कानात घातलं; आता दुसराच सूर, थोडा वरचा, गंजलेल्या पत्र्यासारखा. त्यांनी पुन्हा करून बघितलं. पुन्हा. शेवटी भगवंतरावांनी भाता सोडला आणि त्यांचा हात धरून खाली आणला.

"डॉक्टरला दाखव. हौ, आजच."

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. उजव्या कानाची आतली नस दुखावली होती. बोलणं कळेल, पण स्वर त्या कानात जागेवरून सरकून पोचणार. कान बंद झाला त्याच दिवशी यायला हवं होतं, असंही म्हणाले. मग कानाच्या पडद्यातून आत इंजेक्शनं झाली. नदीपलीकडच्या हकिमाचं औषध झालं, शेजारच्या तेलुगू बाईंनी सांगितलेली पानं वाटून झाली. काहीच फरक पडेना. कापसाचा बोळा घातला की गाणं भिंतीपलीकडून आल्यासारखं वाटे आणि आतली शिटी मोठी होई. विहारात वंदना सुरू झाली तर दोन जमाव भांडल्यासारखे सूर आले; नागसेनराव मधूनच उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. एकदा भाकरी थापताना निशिगंधा गुणगुणत होती. "बंद कर," ते ओरडले. तिने बंद केलं. त्यानंतर ती घरात कधी गुणगुणली नाही, आणि ते जास्तच असह्य झालं.

अशात भगवंतरावांचा फोन आला. नाटकाचा दुसरा प्रयोग ठरला होता. "रसिका गाणार नाही. पदं स्टुडिओत तुकड्या-तुकड्याने रेकॉर्ड करून घेतलीत. ती वाजतील, ही तोंड हलवील. नाहीतर काम सोडते म्हणाली."

नागसेनरावांनी फोन ठेवला आणि तसेच कुकटपल्लीला निघाले.

रसिकाने दार उघडलं, पाणी दिलं आणि समोर बसली. त्यांनी कानाचं सगळं सांगितलं, काही न लपवता. "चूक माझ्या कानाची होती. तू सुरात होतीस."

"तुम्हाला कसं कळणार, काका?" ती शांतपणे म्हणाली. "तुम्हाला तर नीट ऐकूच येत नाही."

"भगवंतरावांना विचार."

"ते माझी समजूत काढतात. सगळेच काढतात. मी सूर लावायला जाते आणि मला तुमचा चेहरा दिसतो. गळा उघडतच नाही."

"तालमीत मी तुला ऐकलं होतं," नागसेनराव म्हणाले. "तेव्हा माझे दोन्ही कान शाबूत होते. घरी जाऊन बायकोला तुझं पद म्हणून दाखवलं मी. माझ्या कानाचा तेवढाच शब्द धर. नंतरचा सोडून दे. हात जोडतो."

त्यांनी खरंच हात जोडले. तिने रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. ते उठले, दारापर्यंत गेले, तेव्हा तिने विचारलं, "प्रयोगाला येणार का?"

पुन्हा नाटकाला पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. "येईन," ते म्हणाले.

"पुढे बसा. मला दिसाल असे."

प्रयोगाला ते पहिल्या रांगेत बसले, शेजारी निशिगंधा. रसिका गाणार की नाही, कोणालाच ठाऊक नव्हतं. ध्वनीवाला बटणावर बोट ठेवून तयार होता. पहिलं पद आलं. रसिकाने विंगेकडे बघून नको म्हणून हात हलवला, भगवंतरावांनी सूर दिला आणि ती गायला लागली.

नागसेनरावांच्या डोक्यात सुरी फिरली. दोन बाया एकाच गळ्यातून एकमेकींना ओरबाडत होत्या. बोळा खिशात होता, पण हात कानाकडे गेला तर रसिका बघेल. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले आणि चेहरा हसरा ठेवला.

"सुरात आहे?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

"आहे," निशिगंधा म्हणाली.

दुसऱ्या पदाला त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्याला विचारायची ताकद नव्हती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रसिकाने ते पाहिलं. तिला वाटलं, काकांना भरून आलंय. ती आणखी वर चढली, लांब आलाप घेतला आणि समेवर येऊन थांबली. टाळ्यांचा कडकडाट झाला. नागसेनरावांनी शेजाऱ्यांचे हात बघितले आणि क्षणभर मागून आपणही टाळी वाजवली.

प्रयोग संपल्यावर ती धावतच आली आणि त्यांच्या पाया पडली. कसं झालं, हे तिने विचारलं नाही. "काका, पुढच्या प्रयोगालाही हीच खुर्ची तुमची. तुम्ही असलात की गळा आपोआप उघडतो."

निशिगंधाने नको म्हणून मागून त्यांची बाही ओढली.

"येईन," नागसेनराव म्हणाले.