सेमाडोहचा वाघ आणि सोनाबाईची कालवड

माझा मोठा भाऊ गुरांचा डॉक्टर. निवृत्त झाल्यावर म्हणाला, "जलमभर गाई-म्हशीच पाह्यल्या. एक खेप जंगलातलं जनावर दाखव मले." म्हणून मार्चमध्ये आम्ही दोघं अकोल्याहून निघालो. अमरावतीत गिला वडा खाल्ला, परतवाड्यात गाडीची टाकी भरली (पुढे पंप शोधत बसू नका) आणि घाट चढून दुपारी सेमाडोहला पोचलो. खोली आणि सफारी आधीच ठरवून या.

गाईड रामलालभाऊ गावातलेच कोरकू आदिवासी. पानं गळून साग उघडे पडले होते, त्यामुळे नाल्याकाठचा वाघ लांबूनच दिसला. मी हरखले. दादाने दुर्बीण लावली.

"सिंहाची तब्येत आयाळीवरून समजते म्हणतात," तो हळूच म्हणाला. "याले आयाळ नाही, पण कंबर पाह्य. हाडं वर आले. पोट पाठीले लागलं. केसाले चमक नाही."

वाघाने जांभई दिली. वरचा एक सुळा तुटलेला, दुसरा झिजून बोथट.

"आता सांबर धरणं याच्यानं होत नाही," रामलालभाऊ म्हणाले. "गावाकडं येऊन राहिला."

"काही इलाज?" मी विचारलं.

"म्हातारपणाले काय इलाज?" दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोहे खात होतो, तेवढ्यात रामलालभाऊ आले. गावाच्या कडेला राहणाऱ्या सोनाबाईची कालवड पहाटे वाघाने धरली होती. सोनाबाईने डबे वाजवून त्याला हुसकावलं. कालवड जिवंत होती. दादा गाडीतली औषधांची पेटी घेऊन निघाला.

गळ्यावर खोल जखम नव्हतीच, नुसती चेपलेली कातडी. धडधाकट वाघाने तिला क्षणात मारलं असतं. याला ते जमलं नाही, म्हणून त्याने मागची मांडी जिवंतपणीच फाडली होती. सोनाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"वाचते का, डॉक्टर?"

"नाही बाई. लय तरास होऊन राहिला तिले."

"मंग सोडवा तिले," ती म्हणाली. दादाने इंजेक्शन दिलं. कालवडीचं डोकं सोनाबाईने शेवटपर्यंत खाली ठेवलं नाही.

इंजेक्शन दिलेलं मांस वाघाने खाल्लं असतं तर तोही मेला असता. म्हणून वनखात्याच्या माणसांनी कालवड खोल पुरली, वर दगड रचले. संध्याकाळी वाघ तिथे आला. आम्ही सफारीच्या जीपमधून पाहिलं. त्याने दगड हुंगले, पंजाने एक सरकवून पाहिला आणि तिथेच बसून राहिला.

"माह्या इंजेक्शननं त्याचा घास गेला," दादा म्हणाला.

अकोल्याला आल्यावर काही दिवसांनी रामलालभाऊंचा फोन आला. वाघ नाल्यात मेलेला सापडला.

"पोटात काही होतं?" दादाने विचारलं.

"गवत."

सोनाबाई आता गुरं गोठ्यातच बांधून ठेवते, हेही त्यांनीच सांगितलं.

लोक विचारतात, वाघ दिसला का? मी फोटो दाखवते. समोरून काढलेला आहे. नुसता चेहरा येतो, पोट दिसत नाही. सगळे म्हणतात, काय रुबाब आहे. दादा तेवढ्यात उठून आत जातो.