चौकटीतला दत्तू

नाटकवाल्यांजवळ किस्से साचतातच. आमचं तर मूकनाट्य! स्टेजवर गिळलेलं सगळं नंतर चहाच्या टेबलावर बाहेर यायचं. दोन विषयांत एम.ए. असूनही मला ते नीट सांगता येतात की नाही, शंकाच आहे.

साठच्या दशकात मी सांगलीच्या एका कॉलेजात तात्पुरता लेक्चरर होतो. नाटक मीच बसवलेलं. माधवनगरच्या गिरणीतला दत्तू रिकाम्या चौकटीमागे चित्र होऊन उभा. समोर मी रसिक: मागे सरकतो, मान डोलावतो, शेवटी रडतो. शब्द एकही नाही!

आमच्या संस्थेचे अध्यक्ष चित्रं काढत. त्यांचे डोंगर प्रत्येक वर्गात टांगलेले, आणि त्यांच्यापुढे उभे राहून ते स्वतःच मान डोलावत. माझ्या कायम नेमणुकीच्या कागदावर सही त्यांचीच व्हायची होती. नाटक त्यांच्यावर नव्हतं. म्हणजे, पूर्ण नव्हतं.

*

अण्णा आमचे जुने प्रॉम्प्टर. मूकनाट्यातही विंगेत हजर! मी म्हटलं, "अण्णा, बोलायचंच नाही, तर तुमचं काय काम?"

"आवं सर, बोलायचं न्हाई म्हणून इसरायचं थांबतंय व्हय?"

पहिल्याच प्रयोगात मी रडायचं विसरलो. विंगेतून अण्णा हुंदके देऊन दाखवू लागले!

*

पलूसला पाच मिनिटांत बोंब उठली, "आवाज!" लाउडस्पीकरवाल्यानं तारा उपसल्या, भोंगा बदलला. शेवटी लोक त्याच्याच अंगावर धावले. मी पुढे होऊन ओरडलो, "नाटकात आवाजच नाही!"

मागून कुणीतरी म्हणालं, "मग ह्ये मास्तर कशाला बोलतंय रं?"

*

औंधला एक म्हातारी थेट स्टेजवर चढली. दत्तूला कुंकू लावून तिनं हात जोडले. तो हलला नाही. मी घाबरून म्हटलं, "आजी, तो देव नाही!"

"ठावं हाय. पर इतका येळ गप ऱ्हायलेला बाप्या म्या पयल्यांदाच बगितला!"

*

मग सांगलीचा प्रयोग. अध्यक्ष पहिल्या रांगेत. माझा नेमणुकीचा कागद त्यांच्या कोटाच्या खिशात, हे कॉलेजच्या क्लार्कनं मला मुद्दाम सांगितलेलं. मी मान डोलावली आणि ती नेमकी त्यांच्यासारखी डोलली! हॉल हसला.

अध्यक्ष उठले. दाराकडे न जाता पायऱ्या चढून स्टेजवर आले.  अण्णा विंगेतून डोकावले.

चष्मा पुसून त्यांनी चौकटीत निरखलं. दोन पावलं मागे. पुन्हा जवळ. घामाचा थेंब दत्तूच्या कपाळावरून नाकाच्या शेंड्यावर आला. दत्तू हलला नाही.

अध्यक्षांनी खिशातून कागद काढला, चौकटीवर टेकवून सही केली, माझ्या हातात दिला आणि कानाशी हळूच म्हणाले,

"चित्र उत्तम. नाक तेवढं पुन्हा काढा."