नीरज बघतोय

आमचे हे, म्हणजे सुभाष गमरे, एका औषध कंपनीतून मेंटेनन्सला रिटायर झाले. पण नवघरच्या आमच्या सोसायटीत त्यांना ओळखतात ते गाडीच्या वायरिंगसाठी. कुणाचा हॉर्न गप्प झाला, कुणाची काच अर्ध्यात अडकली, की रविवारी सकाळी खालून हाक येते आणि हे नाश्ता टाकून मीटर घेऊन पार्किंगमध्ये. कुठेही शिकले नाहीत. आमची पहिली सेकंडहँड गाडी सारखी रुसायची, तिनेच शिकवलं. पैसे घेत नाहीत, चहा घेतात आणि कौतुक मात्र पोटभर घेतात.

आमची संचिता लग्न होऊन चेणे गावाच्या अलीकडे एका टॉवरमध्ये राहायला गेली, तरी तिच्या गाडीचे डॉक्टर हेच. हेडलाइट जरा मिणमिणला तरी पहिला फोन पप्पांना. तो आला की हे गॅलरीत जाऊन मोठ्याने बोलायचे, शेजारच्यांना ऐकू जाईल असं.

मग ते फोन कमी झाले. एकदा मीच सहज विचारलं तर म्हणाली, "बॅटरी उतरतेय गं सारखी. पण टेन्शन नाही, नीरज बघतोय."

हे शेजारीच बसले होते. "नीरज बघतोय? काय बघतोय? तो बँकेत कॉम्प्युटरसमोर बसतो."

नीरज आमचा जावई. बोलायला कमी, वागायला सरळ. त्याने ऑनलाइन एक चिमुकलं यंत्र मागवलंय. स्टिअरिंगखाली खोचलं की गाडीचं दुखणं फोनवर दिसतं. त्या यंत्रावर यांचा फार राग. राग कसला, सरळ सरळ जळत होते. पोरीने आपल्याला सोडून दुसऱ्याला सांगितलं, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. "सापडलं का त्याला?" असं मला येता-जाता विचारायचे, आणि नाही म्हटलं की एक भाकरी जास्त खायचे.

शेवटी हट्टाने गाडी बोलावून घेतली. रविवारी दोघं आले. नीरज मदतीला पुढे झाला तर हे म्हणाले, "नीरजराव, तुम्ही बसा. पाहुणे आहात." एरवी नुसतं नीरज म्हणतात.

यांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मध्ये मीटर जोडला. गाडी बंद, चावी खिशात, तरी करंट जातच होता. मग एकेक फ्यूज काढून बघायला लागले. जो फ्यूज काढल्यावर मीटरचा आकडा खाली येईल, त्या लाइनमध्ये करंट खाणारा चोर. सगळे काढून झाले, आकडा हलला नाही. मी चहा घेऊन खाली उभी होते. यांचं बोलणं थांबलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय.

फ्यूज बॉक्सला वळसा घालून बॅटरीवरून थेट गेलेली एकच वायर होती, आणि ती यांनीच टाकलेली. संचिताच्या बेसमेंटमध्ये काळोख, म्हणून गाडी नवी असताना यांनी डिकीत हौसेने बल्ब बसवला होता. झाकण उघडलं की पेटणारा. यांनी डिकी उघडली आणि झाकणाने दबतं ते बटण अंगठ्याने दाबून धरलं. बल्ब विझला नाही. आतले पत्रे गंजून एकमेकांना चिकटले होते. दर खेपेला मी लेकीला तारोडीहून आणलेले ओले बोंबील द्यायचे, पिशवी डिकीत त्या बटणाच्याच कोपऱ्यात ठेवायचे. ते खारट पाणी मुरलं होतं. बंद डिकीत दिवा रात्रंदिवस जळत होता.

चूक स्वतःची, तरी हे गडी खूश. नीरजकडे वळून म्हणाले, "काय नीरजराव, तुमच्या फोनवर हे आलं नाही वाटतं?"

संचिताला राहवलं नाही. "पप्पा, त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. डिकीच्या फटीतून उजेड दिसला. म्हणाला, पप्पांनी हौसेने लावलाय, त्यांना वाईट वाटेल. रोज गाडी लावली की खाली वाकून बॅटरीची वायर काढतो आणि सकाळी परत लावतो."

"तसं काही त्रासाचं नाही, पप्पा," नीरज म्हणाला.

हे कितीतरी वेळ पकड पुसत राहिले. मग वर येऊन माझ्यावरच डाफरले, "एवढं चांगलं कशाला वागायचं माणसाने? भांडायलाही जागा ठेवली नाही."

माझं लक्ष लेकीकडे होतं. नवऱ्याच्या बॅगेतून रुमाल काढून ती सकाळी वायर लावताना त्याच्या हाताला लागलेलं ग्रीस पुसत होती. आम्ही इथे नवे राहायला आलो तेव्हा माझ्या वडिलांनी, तात्यारावांनी, स्वतःच्या हाताने स्वयंपाकघरात एक फळी ठोकली होती. ती तिरकी होती, हे खरं. यांनी लेव्हल लावून त्यांना तिरकी दाखवली आणि त्यांच्यासमोरच उखडली. तात्या खिळे गोळा करून घरी गेले.

पोटच्या पोरीचा हेवा करू नये. मी केला.