पाठीमागून पाहिलेलं कपाट

धम्मदिना कुठलीही वस्तू समोरून बघत नाही. कोबीचा गड्डा घ्यायचा झाला तरी आधी उलटा करून देठ बघते. राहनाळच्या एका गोदामात अठरा वर्षं ती गिऱ्हाइकांनी परत पाठवलेला माल तपासते. मिक्सर, कुकर, चौरंग, काय वाटेल ते. परत आलेल्या वस्तूचं तोंड नेहमी छान असतं, खोट असते ती बुडाला नाहीतर पाठीला, हे तिला पहिल्या वर्षीच कळलं. तिचा नवरा राकेश टेम्पो चालवतो. तो चारचौघांत सांगतो, "मी दिघाशीला हिला बघायला गेलो, तेव्हा हिनं तोंड वर करून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आम्ही निघालो, मी पाठमोरा झालो, आणि मग हिचा होकार आला."

"मागून बराच होतास," ती म्हणते आणि कामाला लागते.

टेमघरला त्यांच्या वस्तीत छोटं विहार आहे. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की तिथं तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. धम्मदिना कामावरून सुटली की तशीच तिथं येते. पण गेल्या वर्षी विहारातलं लोखंडी कपाट बुडाशी गंजलं, ओल आत शिरली आणि खालच्या फळीवरची पुस्तकं पुऱ्यांसारखी फुगली. त्या दिवशी ती एकेक पान पंख्याखाली धरून बसली होती. जेवायलासुद्धा गेली नाही.

यंदा पौर्णिमेला आठ दिवस उरले आणि कमिटीची मीटिंग झाली. सेक्रेटरी बाळारामदादा म्हणाले, "नवीन लोखंडी आणू. दुकान ठरलेलं आहे."

"दादा, तेच परत गंजेल," धम्मदिना म्हणाली. "जुनं सागवानी बघू या. सागाला पाण्याचं वावडं नसतं."

"जुनं म्हणजे कुणीतरी टाकून दिलेलं. विहारात टाकलेली वस्तू आणायची?"

"पुस्तकं कुठं नवी आहेत? ती चालतात ना? माझ्यावर सोडा."

दादांनी चष्मा पुसला, बाकीच्यांकडे पाहिलं आणि सोडलं. कमिटीनं बायकांच्या हाती खरेदी देण्याची ही पहिली वेळ. बाहेर पडताना संघरत्नानं धम्मदिनाला कोपरानं ढोसलं. संघरत्ना शिवणकाम करते आणि तिची जीभ कात्रीहून धारदार आहे. "बाई, हे कपाट फसलं ना, तर पुढची दहा वर्षं आपण मीटिंगला फक्त चहाचे कप उचलायचे."

शनिवारी सुट्टी काढून धम्मदिना रियाजचाचांच्या गोदामात गेली. तिथं जुनं फर्निचर छतापर्यंत रचलेलं असतं. चाचांनी चार कपाटं दाखवली. पहिलं शिसवीसारखं चमचमत होतं. तिनं ते भिंतीपासून ओढायला लावलं. पुढून जुनं, पाठीला नवा प्लाय. दुसऱ्याचा खण तिनं पूर्ण बाहेर काढून जमिनीवर आपटला. तांदळाच्या पिठासारखी भुकटी पडली.

"चाचा, इसमें तो किडा जिंदा है. खा रहा है अभी."

"अरे बेटी, लोग तो हँडल देखके ले जाते हैं!"

तिसरं कपाट निरोगी होतं, पण फार खोल. अशा कपाटात पुस्तकं दोन रांगांत लागतात आणि मागची रांग कुणीच वाचत नाही. चौथं एका कोपऱ्यात होतं. काचेची दारं, अंगावर ऑइलपेंटचे हिरवे थर, डोक्यावर चटयांची भेंडोळी. धम्मदिना त्याच्यासमोर मांडी घालून बसली. पाय ठोकून पाहिले, आवाज भरीव आला. खणाच्या कोपऱ्यात खिळा नव्हता, लाकडाचे दात एकमेकांत बसवलेले होते. पाठीच्या फळ्या अख्ख्या सागाच्या. दार अर्धं उघडून सोडलं तर जागच्या जागी थांबलं, म्हणजे अंग वाकडं झालेलं नव्हतं. शेवटी आत डोकं घालून तिनं वास घेतला. ओलीचा नाही, जुन्या डांबरगोळ्यांचा.

"ऊपर भी देख लो," चाचा म्हणाले.

"ऊपर क्या देखना, चाचा? खराबी नीचे रहती है."

राकेशनं टेम्पो आणला. ताडपत्री गुंडाळून कपाट विहारात आलं आणि रविवारी सकाळी बायका रंग काढायला बसल्या. शेजारच्या आगऱ्यांच्या घरातली आक्का पाण्याचा हंडा घेऊन आली आणि तिथंच पायरीवर टेकली. संघरत्ना स्टुलावर चढून माथ्याची फळी खरवडत होती. मध्येच ती थांबली.

"धम्मा, इथं सोंड निघाली गं."

"कसली सोंड?"

"हत्तीची! दुसरीपण आहे. थांब... मध्ये कमळ. कमळात बाई बसलीये."

धम्मदिनाच्या हातातला फडका खाली पडला. दोन हत्ती, मधे लक्ष्मी. इतकी वर्षं बिचारी हिरव्या रंगाखाली बसून होती. खालचा एकेक सांधा तपासला आणि मान वर करून एकदा बघितलं नाही! तिचे कान तापले. पौर्णिमा चार दिवसांवर, पुस्तकं अजून पोत्यात.

"हत्ती चालेल," संघरत्ना वरून म्हणाली. "सिद्धार्थाच्या वेळी महामायेच्या स्वप्नात आलाच होता. बाईचं काय करायचं ते बोल."

तेवढ्यात बाळारामदादा आले. त्यांनी वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "धम्मदिना, आपल्या विहारात हे कसं ठेवणार? लोक मला विचारतील."

"बरोबर आहे, दादा." तिनं वाद घातला नाही. वाद घालण्यासारखं काही नव्हतंच.

"पटाशी आणतो. दोन तासांत सपाट करू. नाहीतर कपाट परत, आणि लोखंडी आणू."

"पटाशी नको." हे मात्र ती पटकन बोलली. "आपण मानत नाही ते ठीक आहे. पण कुणीतरी हात जोडत असेल तिला. आणि ज्यानं कोरलं त्यानं किती दिवस घालवले असतील. त्याच्यावर आपण पटाशी मारून मग ग्रंथ वाचायला बसायचं?"

आक्का पायरीवरून उठलीच. "नको गो बाय, तोरू नको! मना दे. माझे देव्हाऱ्यावं कायच न्हाय, नुसती पत्र्याची पट्टी हाय."

"द्यायला काय, आक्के! पण ती निघाली पाहिजे ना. ओढली तर कपाट चिरेल."

धम्मदिना नेहमीसारखी कपाटाच्या मागं गेली, पण या वेळी स्टूल घेऊन. मोबाइलचा उजेड पाडून तिनं माथ्याच्या फळीची पाठ पाहिली. खिळा कुठंच दिसेना. बोटं फिरवली तेव्हा दोन्ही टोकांना लाकडी खुंट्या लागल्या. म्हणजे फळी ठोकलेली नव्हती, नुसती बसवलेली होती.

"संघा, त्या बाजूनं धर. ओढू नको, सरळ वर उचल."

रंगामुळे आधी हलेना. राकेशनं कडेनं पातळ सुरी फिरवली. मग 'कट' असा आवाज झाला आणि अख्खी फळी, दोन हत्तींसकट, बायकांच्या हातांत आली. कपाटाला ओरखडासुद्धा नाही. आक्कानं पदर पसरला, पण फळी पदरात मावण्यासारखी कुठली! राकेशनंच ती तिच्या घरी पोचवली.

दादा कपाटाकडे बघत राहिले. "आता डोक्यावरून बोडकं दिसतंय."

"दिसू दे ना, दादा. तुमच्यासारखंच आहे, हुशार," संघरत्ना म्हणाली. आधी दादांनी स्वतःच्या टकलावरून हात फिरवला, मग सगळे हसले.

पुढचे तीन दिवस बायकांनी आलटूनपालटून पॉलिश पेपर मारला, जवसाचं तेल चोळलं. कपाट मधासारखं निघालं. पौर्णिमेच्या दुपारी दादांनी पोती स्वतः सोडली, आणि कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर ते धम्मदिनाला विचारून विचारून लावलं. खालचा खण तेवढा रिकामा राहिला. दादा म्हणाले, पावतीपुस्तकं ठेवू. संघरत्ना म्हणाली, मेणबत्त्या. संध्याकाळी वंदना झाली, पहिलं पान वाचायचा मान वस्तीतल्या सगळ्यांत थोरल्या कमळमावशींना दिला, आणि मावशींनी ग्रंथ हातभर लांब धरला. चष्मा घरी! इकडं तिकडं विचारलं तर आणखी पाच जणींचे घरीच.

धम्मदिनानं आपला चष्मा काढून मावशींना दिला. वाचन संपल्यावर ती म्हणाली, "खण चष्म्यांचा. घरात जुना पडलेला असेल तो ज्यानं त्यानं उद्या आणून टाकायचा."

दादांनी वहीत तसा ठराव लिहून घेतला. सूचक म्हणून नाव घातलं धम्मदिनाचं.