आस जाग्यावर हाय का?

निलोफर आमच्या कळंब्याच्या घरी माळ्यावर भाड्यानं राहायला आली आणि थोड्याच दिवसांत माझी बायको सुशीला घाबरून अंगणातनं पळत आत आली. "अहो, ती पोरगी गच्चीवरनं पिंपळाची पानं टाकतीया. एक टाकती, बघती, पुटपुटती. करणी तर न्हवं?"

मी चौथी शिकलेला, टेम्पो चालवण्यात जन्म घालवलेला माणूस. बाहेर गेलो तर एक पान गरगरत पायाशी पडलं. वरून आवाज आला, "हात लावू नका मामा! कसं पडलंय बघू दे!" मी उचललेला पाय तसाच मागं घेतला.

वर जाऊन विचारलं तर हसायला लागली. "करणी न्हवं मामा, नोकरी हाय." कंप्युटरवर चित्रं हलती करायचं तिचं काम. पडद्यावर झाड होतं. त्याची सगळी पानं एकाच बाजूला, एकाच तालात गिरक्या घेत गळत होती. सुशीला माझ्या पाठीमागं दडली. "मेल्यागत फिरत्यात," म्हणाली.

"बरोब्बर, मामी! सगळ्यास्नी एकच ॲक्सिस पडलाय. ज्याला त्याला आपापला द्यायला पायजे." मला कळेना, तेव्हा तिनं पानात पेन्सिल खुपसून फिरवून दाखवली.

"मग आस म्हण की सरळ. चाकात असती ती."

"आस? आशेला पण तेच म्हणत्यात की!" शब्द तिला फार आवडला. तिथून पुढं काम बिघडलं की वरनं ओरडायची, "मामा, आस सरकली!" जमलं की, "आली जाग्यावर!"

पोरगी भांडखोर. टाकीत पाणी चढलं नाही की मला दम द्यायची. ईदला शिरखुर्मा आणायची आणि वाटी रिकामी होईपर्यंत समोरून हलायची नाही. "मामा, वाटी नगं, तोंड हलवा," म्हणायची.

मग सुशीलाला चक्कर यायला लागली. घर फिरतंय म्हणायची. दवाखाने झाले. एका सकाळी मोरीत पडली ती उठलीच नाही.

तेव्हापासून फिरणारं काहीही मला बघवत नाही. भर उन्हाळ्यात पंखा बंद ठेवला. निलोफरनं ते बघितलं, पण शहाणपण शिकवलं नाही. रोज सकाळी जिन्यावरनं विचारायची, "मामा, आस जाग्यावर हाय का?" मी ओरडायचो, "हाय की!"

एके दिवशी माझंच घर फिरायला लागलं, तिला उत्तर देता आलं नाही. चौकट धरून उभा होतो. निलोफर खाली आली, थेट माझ्या डोळ्यांत बघितलं. "घर कसं फिरतंय? जात्यागत आडवं का चाकागत उभं?"

"जात्यागत."

"मग नजर एका जागी रोवा. मामीच्या फोटोकडं बघा. इकडंतिकडं न्हाय."

भिंत थांबल्यावर तिनंच मला दवाखान्यात नेलं. कानाचं दुखणं निघालं. गोळ्या मिळाल्या. भीतीवर मात्र गोळी नव्हती. सुशीलाचंही असंच सुरू झालं होतं ना.

पुढं निलोफरला हैदराबादला मोठं काम लागलं. मीच जा म्हणालो. रिक्षात बसताना बोट दाखवून म्हणाली, "रोज फोनवर विचारणार. खोटं बोलायचं न्हाय."

बोलल्याप्रमाणं रोज विचारते. परवा सकाळी उठलो तर भिंती सरकायला लागलेल्या. पलंगाची दांडी धरली, तोच फोन वाजला.

"मामा, आस जाग्यावर हाय का?"

हाय की, एवढं ओठावर आलं होतं. घरात दुसरं माणूस नाही, ती तिकडं लांब. सांगून तरी ती काय करणार? पण मोरीचं दार समोरच होतं.

"न्हाय गं पोरी. सरकलीया."

तिनं हळू विचारलं, "कशी?"

"जात्यागत."

"मामीकडं बघा. उठायचं न्हाय. फोन ठिवायचा न्हाय."

फोन कानाला लावून सुशीलाकडं बघत बसलो. तिचा चेहरा जात होता, परत येत होता. मग जाईनासा झाला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"मामा, बोला की कायतरी," निलोफरचा आवाज चिरकला.

"थांबलंय," मी म्हणालो. "पण तू ठिवू नगस अजून."