इतर उपाय शक्य नाहीत

पोलीस सेवेतील बरीच प्रकरणे आता धूसर झाली आहेत. त्या साक्षीदाराला मात्र मी विसरू शकलेलो नाही. नेकनूरच्या बाजारात केळी विकणारे हे वयस्कर गृहस्थ, सगळ्यांचे चाचा, एका खुनाचे एकमेव प्रत्यक्षदर्शी होते. सोमवारी बीडच्या न्यायालयात त्यांची साक्ष होती. शुक्रवारी सकाळी माझ्या खबऱ्याचा, एका गॅरेजवाल्याचा, फोन आला.

“साहेब, चाचाला कोर्टापर्यंत पोचू देनार न्हाईत. आरोपीचा भाऊ लई पेटलाय.”

“त्याचा नंबर दे.”

त्याने दिला. मी फोन ठेवला.

चाचांच्या घरी दोन शिपाई नेमले. पण घात कोठे होणार हे कळल्याशिवाय तो बंदोबस्त अपुरा होता. आरोपीच्या भावाचा फोन ऐकायचे ठरवले. त्यासाठी गृह सचिवांची लेखी मंजुरी लागते. तातडीच्या प्रसंगी महानिरीक्षक आदेश देऊ शकतात, मात्र पुढे तो मंजूर करून घ्यावा लागतो. जुन्या प्रस्तावावरून नवा तयार केला, सही केली आणि अधीक्षकांसमोर ठेवला.

त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले. “‘इतर उपाय शक्य नाहीत.’ कोणते उपाय करून पाहिलेत?”

 ती ओळ आमच्या प्रत्येक प्रस्तावात जशीच्या तशी उतरवली जात असे.

“खरे उत्तर लिहून आणा. लगेच पुढे पाठवतो.”

बाहेर आमचे जमादार वाट पाहत होते. “साहेब, फोन कंपनीत माझा मेव्हणा हाय. दोन दिस गुपचूप ऐकू. चाचा मेल्यावर परवानगी घेऊन काय करायचं?”

प्रश्न बोचला. तरीही मी ठाम नकार दिला. चोरून ऐकण्याची सवय एका फोनवर थांबत नाही. दुसरा उपाय शोधत मी थेट खबऱ्याचे गॅरेज गाठले.

“तुला हे कळलं कसं?”

“तुमी इचारलंच कुठं? नंबर घेतला न् फोन ठेवला!” तो चिडून म्हणाला. “काल त्याची जीप आलती. म्होरं जाड लोखंडी गार्ड बसवलं, नंबरप्लेट काढायला लावली. ड्रायव्हर म्हनला, बीडच्या वाटंवर पालीच्या वळनावर काम हाय.”

तासाभरात जीप आणि चालक ठाण्यात आले. चालक आधी “मला काय म्हाईत न्हाई” एवढेच म्हणत राहिला. मी त्याला जीपसमोर उभे केले.

“हे गार्ड कोणासाठी?”

 शेवटी तो म्हणाला, “चाचाच्या मोटारसायकलीसाठी. गाडी मीच चालवनार व्हतो, साहेब. मलाबी लेकरं हायेत.”

त्याच संध्याकाळी भाऊ ताब्यात आला. सोमवारी चाचांनी न अडखळता साक्ष दिली. बाहेर आल्यावर हळूच विचारले, “साहेब, माझा फोन तर ऐकत न्हवता ना?”

“नाही, चाचा.”

“बरं झालं. घरवाली फोनवर मला लई शिव्या देती.”

परवानगीच्या कागदांना मी अनेक वर्षे तपासातील अडथळा समजत आलो होतो. त्या दिवशी त्यांनीच मला साक्षीदाराच्या शत्रूकडून माझ्या स्वतःच्या खबऱ्याकडे वळवले. ज्याने जीव धोक्यात घालून बातमी दिली, त्याचे पूर्ण ऐकून घेण्याइतकाही वेळ मी दिला नव्हता. पुढे भावाने जबाबात सांगितले की सारा कट जीपजवळ उभ्याने ठरला. फोनवर त्याविषयी एक शब्दही झाला नव्हता. आणि दुसरा उपाय नाही, असे मी माझ्या सहीने लिहून दिले होते.